वाकलेले सिलिंडर हेड : फेस मारावा की बदलावे?

प्रस्तावना

सातारा व सांगली या जिल्ह्यांचे यंत्रांशी असलेले नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना उभारला व तेथे किर्लोस्करवाडी वसली. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यातून डिझेल इंजिने बाहेर पडली. आज याच परिसरात गळीत हंगाम सुरू झाला, की रेठरे बुद्रुकच्या कृष्णा किंवा साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. जड ओझे, मंद गती, धुळीने व पाचटाने बुजलेला रेडिएटर आणि त्यात कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी अशा गोष्टी एकत्र आल्या म्हणजे इंजिन तापते, गॅस्केट उडते आणि हेड उतरवावे लागते. हंगामातील प्रत्येक बंद दिवस म्हणजे बुडालेली वाहतूक होय. ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे हेडला फेस मारून घ्यावा की नवे बसवावे, हा निर्णय बहुधा घाईने घेतला जातो. तो कोणत्या निकषांवर घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हेड का वाकते?

ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ५०० मिलिमीटर लांबीच्या हेडचे तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले, तर ॲल्युमिनियम सुमारे १.१५ मिलिमीटर वाढते; तेवढ्याच लांबीचे बीड जेमतेम ०.५५ मिलिमीटर. खाली बिडाचा ब्लॉक व वर घट्ट आवळलेले बोल्ट असल्यामुळे हेडला मोकळेपणी पसरता येत नाही. सामान्य तापमानात हा ताण धातू सोसतो. इंजिन प्रमाणाबाहेर तापले, की धातू मऊ पडून आतल्या आत दबतो आणि थंड झाल्यावर पूर्वीच्या आकारात परत येत नाही. पिकअप व मोटारींची ॲल्युमिनियमची हेडे खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात अशीच वाकतात.

बिडाचे वर्तन निराळे आहे. ते कमी वाकते, परंतु तडकते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणे हे त्याचे हमखास निमित्त होय. दोन व्हॉल्व्ह सीटांमधील अरुंद पट्टी ही तड जाण्याची नेहमीची जागा.

मापन

हेड पूर्ण थंड झाल्यावरच उतरवावे व बोल्ट दोन्ही टोकांकडून मध्याकडे क्रमाक्रमाने ढिले करावेत. गरम हेड घाईने सोडल्यास त्यानेही बाक येतो. पृष्ठभागावरील कार्बन व जुने गॅस्केट काढून अचूक सरळपट्टी लांबीच्या, रुंदीच्या आणि दोन्ही कर्णांच्या दिशेने ठेवावी व फटीत फिलर गेजची पाती घालून पाहावी. अनेक लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो, लांब हेडांत ०.१ पर्यंत, मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. ब्लॉकचा माथाही याच रीतीने तपासावा. ही तपासणी सर्रास वगळली जाते. ब्लॉक वाकलेला असेल तर सपाट केलेल्या हेडखालीही गॅस्केट पुन्हा उडते आणि दोष फेस मारणाऱ्याच्या माथी येतो.

निर्णय

‘बाक किती आहे?’ हा प्रश्न सर्वजण विचारतात. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. धातू शाबूत आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. त्यासाठी रंगद्रव्याने तडा शोधाव्यात, पाण्याचे मार्ग बंद करून दाबाखाली गळती पाहावी आणि ॲल्युमिनियमच्या हेडची कठीणता मोजावी. अतितापाने मऊ पडलेले हेड कितीही सपाट केले तरी बोल्टच्या दाबाखाली पुन्हा बसते. ते बदलणेच योग्य.

त्यानंतर जाडी. प्रत्येक वेळी फेस मारताना थोडा धातू जातो. हेड पूर्वी किती वेळा तासले गेले हे जुने ट्रॅक्टर घेणाऱ्यास माहीत नसते, म्हणून मायक्रोमीटरने मोजलेली जाडी किमान मर्यादेशी ताडून पाहावी. पेट्रोल इंजिनात ज्वलनकक्षाचा बराच भाग हेडमध्ये असतो. ७४ मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरवर ०.३ मिलिमीटर धातू काढल्यास कक्ष जास्तीत जास्त १.३ घन सेंटिमीटरने लहान होतो. सिलिंडरचे विस्थापन ४०० व कक्ष ५० घन सेंटिमीटर असेल, तर दाबगुणोत्तर ९ वरून सुमारे ९.२ होते. एवढे खपून जाते. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी. तेथे कक्ष बहुधा पिस्टनच्या माथ्यात असतो व हेडचा तळ सपाट असतो. फेस मारल्याने गुणोत्तर फारसे बदलत नाही, परंतु व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरचे टोक अधिक बाहेर डोकावते. व्हॉल्व्हची खोली व इंजेक्टरची उंची पुन्हा मोजून दुरुस्त केली नाही, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका राहतो. काही निर्माते अशा हेडांवर फेस मारण्यास सरळ मनाई करतात; तेथे वाद संपतो.

कॅमशाफ्ट हेडवरच असलेल्या इंजिनात आणखी एक फसवणूक संभवते. तळ सपाट होतो, पण वरची कॅम-बेअरिंगची रांग बाकदारच राहते व शाफ्ट अडकतो. अशा वेळी आधी हेड सरळ करणे व नंतर फेस मारणे, हा क्रम पाळावा लागतो.

पृष्ठभागाच्या प्रतीकडेही लक्ष हवे. अनेक पदरी पोलादी गॅस्केटला अतिशय गुळगुळीत फेस लागतो. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हेड घासण्याची पद्धत तेथे उपयोगाची नाही. एका सिलिंडरच्या पाणी उपसण्याच्या इंजिनाचे बिडाचे छोटे हेड मात्र कुशल कारागीर फेसप्लेटवर घासून उत्तम बसवतो, आणि तेथे नव्या हेडचा खर्च क्वचितच समर्थनीय ठरतो.

तड नाही, कठीणता टिकून आहे, जाडी शिल्लक आहे आणि निर्मात्याची मनाई नाही, अशा स्थितीत फेस मारणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. यांपैकी एक जरी अट मोडली, तरी फेसची मजुरी वाया जाते. शिवाय हंगामाच्या मध्यावर दुसरे गॅस्केट, दुसऱ्यांदा उतरवणी आणि पुन्हा बंद दिवस पदरी पडतात. खर्चाची तुलना करताना हे आकडे सोडून चालत नाही.

हेड बसवताना टॉर्क रेंच वापरावा व ताणून बसणारे बोल्ट नवे घ्यावेत. रेडिएटरची जाळी साफ करावी, थर्मोस्टॅट तपासावा आणि आत कूपनलिकेच्या पाण्याऐवजी मृदू पाणी व कूलंट यांचे मिश्रण भरावे.