बत्तीस बोअरचा वारसा

ठाण्यातल्या शस्त्रविक्रेत्याने आधी परवाना मागितला, रिव्हॉल्व्हर नंतर. बाबांनी होल्स्टरमधून ते काढलं, रिकामं असल्याचं दाखवलं आणि काउंटरवर ठेवलं. डोंबिवलीहून गाडीने येताना ते त्यांच्याच कमरेला होतं. मला द्यायचं ठरलं असलं तरी परवाना अजून त्यांच्या नावावर आहे, आणि तोवर माझ्या पर्समध्ये ते असणं हा गुन्हा आहे.

वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचं. विक्रेत्याने अंगठ्याने खिट्टी दाबली, तशी नळी पुढे झुकली आणि सिलिंडरमधून काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी वर आली. नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून त्याने पुढून आत पाहिलं. पिळदार चर स्वच्छ होते, एके ठिकाणी गंजाचे बारीक खड्डे. मग घोडा चढवून सिलिंडर दोन बोटांत हलवून पाहिलं. खिट्टीचा सांधा ढिला पडला असेल तर असं शस्त्र चालवण्याच्या लायकीचं राहत नाही. हा घट्ट होता. अंगावरचा नंबर त्याने परवान्याशी आकडा-आकडा ताडून पाहिला. नळीवर मुकुटाखाली ‘एनपी’ अशी खूण होती. धूर न करणाऱ्या दारूने चाचणी झाल्याची ती बर्मिंगहॅमची मोहोर.

बाबांना ते नव्यासारखं चकचकीत करून मला द्यायचं होतं.

“काका, हात लावू नका. मूळ मुलामा घासलात की किंमत गेली.”

किमतीचं खरं कारण मात्र वेगळं आहे. 1980च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. तेव्हापासून देशात आहेत तीच जुनी शस्त्रं एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरतात. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर 2014 मध्ये आलं, वजन 500 ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तरी जुन्या विलायती नावाची ओढ संपलेली नाही. माझ्या मते हा भाव कारागिरीपेक्षा टंचाईचा आहे. घेणाऱ्याकडेही परवाना हवा, त्यामुळे शस्त्राला सोन्यासारखी मोडीची किंमत नाही.

2016च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की वारसाच्या नावे परवाना मागता येतो. आमचा अर्ज पोलीस आयुक्तालयात जाईल. चौकशी होईल, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. परवाना मिळाल्यावरही ते होल्स्टरमध्ये, झाकलेलंच न्यायचं. लग्नाच्या वरातीत बार काढला तर 2019च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सकाळी डोंबिवली स्थानकावर माणूस माणसाला चिकटून उभा असतो. तिथे कमरेला शस्त्र लावून मी कधीही जाणार नाही.

काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ होतं, म्हणजे खडकीचा कारखाना. दोनांच्या बुडाशी हिरवट कळंक चढला होता. विक्रेत्याने ती बाजूला काढली, “ही वापरू नका.” बाबांनी त्यांची वेगळी नोंद करून घेतली. 2024 मध्ये निवडणुकीआधी पोलीस ठाण्यात शस्त्र जमा केल्याची पावतीही त्यांनी परवान्यातच जपून ठेवली आहे. घरी येताना त्यांनी ते सगळे कागद मला दिले, रिव्हॉल्व्हर स्वतःकडे ठेवलं.