टीव्ही गेमच्या जुन्या बंदुका: लॉट उचलण्याआधी हे बघा

भिवंडीच्या एखाद्या गोडाऊनमध्ये टीव्ही गेमच्या जुन्या बंदुकांचा लॉट स्वस्तात दिसला, तर लगेच पैसे मोजू नका. बदकं मारायची ती बंदूक आठवते ना? तिच्यातून काहीच सुटत नाही! घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला सेन्सर तो उजेड टिपतो. हे सगळं जुन्या डब्बा टीव्हीवर बेतलेलं. एलईडीवर चित्र किंचित उशिरा येतं, नेम वाया. मॅटेलने १९८७ मध्ये ‘कॅप्टन पॉवर’ मालिकेवर नेम धरायची विमानं काढली. मालिका एकाच सीझनमध्ये आटोपली, खेळणी पोरकी झाली. तेव्हा डब्बा टीव्हीवर तपासूनच माल घ्या. ‘एलईडीवर चालत नाही’ हे जाहिरातीतच लिहा, नाहीतर रिटर्नचं कुरिअर तुमच्याच खिशातून जाईल.