कोंड्याचा हिशेब

इटियाडोहचं पाणी कालव्याला सुटलं की ऐन उन्हाळ्यात धानाच्या बांध्या हिरव्या दिसतात. गाढवी नदीवरच्या या धरणाने पूर्व विदर्भातल्या अर्जुनी मोरगाव, लाखांदूर, देसाईगंज या पट्ट्याला दुसरं पीक दिलं. राइस मिलचा धंदा या भागात धरणाच्या आधीपासूनचा. उन्हाळी धानाने त्याला आणखी काम मिळालं. या मिलच्या आसपास जे उद्योग जमत गेले, ते कुणी नकाशावर आखलेले नव्हते.

मिलमध्ये शेलरपाशी उभं राहावं. रबराचे दोन रोल एकमेकांच्या उलट दिशेने, पण वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधून जाणाऱ्या दाण्याचं तूस सोललं जातं. फट जरा कमी झाली की दाणा तुटतो, कनकी वाढते. वेगाचा रोल आधी झिजतो, म्हणून ऑपरेटर दोघांची अदलाबदल करतो. भर हंगामात रोल संपले तर शेजारच्या मिलमधून मागवायचे. भरडाईच्या कामासाठी ज्याच्याशी चढाओढ, त्याच्याकडूनच! फिटर आणि हमालांच्या टोळ्याही या मिलमधून त्या मिलमध्ये जातात, सोबत तिथल्या युक्त्या नेतात. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये इंग्लंडमधल्या कारखानदारीबद्दल हेच नोंदवलं होतं.

पण खरी गाठ कोंड्याची आहे. तांदळाला पॉलिश करताना निघालेल्या कोंड्यातलं तेल लगेच खवट व्हायला लागतं, माल दूर पाठवायला सवड नसते. तेल काढणारा सॉल्व्हेंट प्लांट त्यामुळे जवळच हवा, आणि एका मिलच्या कोंड्यावर तो चालत नाही. दहा जणांचा कोंडा रोज आला तरच त्याची चिमणी पेटते. तूस उष्णा तांदळाच्या बॉयलरला जातं, उरलेलं वीटभट्टीला. कनकी पीठ आणि पशुखाद्यवाले उचलतात. याला एकोपा म्हणायचं तर म्हणा. मला ही गरजेची सोयरीक वाटते, आणि म्हणूनच ती टिकते.

या सोयरिकीत धान पिकवणारा मात्र वऱ्हाडीच. शासकीय भरडाईत मिलरने धानाच्या क्विंटलमागे 67 किलो अरवा (न उकडलेला) तांदूळ परत द्यायचा असतो; कोंडा, तूस, कनकी त्याच्याकडे राहते. शेतकऱ्याला भाव मिळतो तो फक्त धानाचा. लाभक्षेत्रातल्या शेतकरी कंपन्यांनी स्वतःची मिल टाकण्याचा विचार जरूर करावा, पण आधी कोंडा कोण घेणार ते ठरवावं.