अनेक हात, एक वही : विकिपीडियावर संगीताचे लेख कसे लिहावेत



यंदा आपल्या शाळेतील नववी-दहावीच्या मुलामुलींनी मराठी विकिपीडियावर संगीतविषयक लेख लिहिण्याचे ठरविले आहे. हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला. १ मे हा महाराष्ट्राचा तसा गुजरातचाही स्थापना दिन, तेव्हा आपल्यासारख्या सुरतकर मराठी मंडळींना ही तारीख सहज लक्षात राहील. विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याने लिहिलेले कोणीही सुधारू शकतो. एका वहीत शेकडो जणांनी लिहावे तसा हा प्रकार आहे. मग ती वही वाचण्याजोगी राहावी यासाठी काय करावे लागते, ते आम्ही या लेखात सांगणार आहोत.

काही पालकांनी विचारले, "माहिती बरोबर असली म्हणजे झाले. मांडणीचा एवढा आग्रह कशाला?" याचे उत्तर संगीताच्या इतिहासातच आहे.

एक टिंब, दोन अर्थ

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोघांनी आपले संगीत कागदावर उतरविण्यासाठी आयुष्य वेचले. दोघांनी स्वरलेखनाची पद्धत तयार केली, पण दोन्ही पद्धती वेगवेगळ्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले की तो तार सप्तकातला, वरचा स्वर. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचे तेच टिंब मंद्र सप्तकाची, म्हणजे खालच्या स्वराची खूण. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण एका पद्धतीत शिकलेल्या मुलाने दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक उघडले आणि खुणांचा तक्ता पाहिला नाही, तर जिथे खाली उतरायचे तिथे तो वर चढेल!

ही अडचण त्या काळच्या जाणकारांनाही जाणवत होती. १९१६ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सर्वांसाठी एकच स्वरलेखन पद्धत असावी, हा तेथील चर्चेचा एक विषय होता. पुढे भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत निरनिराळ्या घराण्यांच्या बंदिशी एकाच पद्धतीने लिहून दिल्या. म्हणूनच ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही, असे विद्यार्थीही त्या बंदिशी वाचू शकतात.

विकिपीडियाचे तसेच आहे. तुमचा लेख पुढे नागपूरचा किंवा बेळगावचा एखादा अनोळखी वाचक उघडेल, कदाचित त्यात भर घालील. त्याला तुम्ही भेटणार नाही. तुमच्या दोघांमध्ये बोलणे होणार ते ठरलेल्या नियमांतूनच. ते नियम आता एकेक पाहू.

१. लेखाचे नाव

एका व्यक्तीवर एकच लेख असावा. नावापूर्वी 'पंडित', 'उस्ताद', 'स्वरसम्राज्ञी' अशी विशेषणे लावू नयेत. यात अनादर काही नाही. एकाने 'पंडित' लावून लेख केला आणि दुसऱ्याने न लावता, तर एकाच गायकाचे दोन अर्धवट लेख तयार होतात. आदर क्रियापदात दाखवावा. 'ते गात असत', 'त्या शिकल्या' असे लिहावे, 'तो गात असे' असे नको.

शुद्धलेखनाचा प्रश्न आपल्याला अधिक येतो, कारण आपण मराठी आणि गुजराती दोन्ही वाचतो. गुजरातीत 'ठाकुर' लिहितात, मराठीच्या नियमाने 'ठाकूर' होते. तेव्हा खंभातजवळच्या जहाज गावी जन्मलेल्या आणि पलुस्करांकडे शिकलेल्या थोर गायकाचे नाव मराठीत 'ओंकारनाथ ठाकूर' असे लिहू. आपल्या गावाचे नावसुद्धा कोणी 'सुरत' लिहितो, कोणी 'सूरत'. अशा वेळी एक नाव लेखाला द्यावे आणि दुसऱ्या नावाचे पान त्याच लेखाकडे वळवावे. याला 'पुनर्निर्देशन' म्हणतात. मग वाचकाने कसेही शोधले तरी तो योग्य जागी पोहोचतो.

उलट, कधी एकाच नावाच्या दोन गोष्टी असतात. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्याला संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते. त्याच नावाचा चित्रपट २०१५ साली आला. अशा वेळी नावापुढे कंसात '(नाटक)' आणि '(चित्रपट)' असे लिहून दोन लेख वेगळे ठेवावेत. नुसते 'पलुस्कर' लिहिले तर वडील विष्णु दिगंबर की चिरंजीव दत्तात्रेय विष्णु, हे कळत नाही. दत्तात्रेयबुवा तर १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. वडिलांचे कार्य मुलाच्या लेखात किंवा मुलाचे वडिलांच्या लेखात गेले तर दोघांवरही अन्याय होईल.

२. पहिले वाक्य

पहिल्या वाक्यात व्यक्ती कोण, कोणत्या काळातली आणि कशासाठी प्रसिद्ध, एवढे आले पाहिजे. उदाहरणार्थ : 'विष्णु दिगंबर पलुस्कर (१८ ऑगस्ट १८७२ – २१ ऑगस्ट १९३१) हे हिंदुस्तानी संगीतातील गायक व संगीतशिक्षक होते. १९०१ साली त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले.' येथे 'संगीताच्या आकाशातील तेजस्वी तारा' असे काही लिहिलेले नाही. त्यांनी काय केले हे सांगितले की वाचकाला त्यांचे मोठेपण आपोआप कळते. अलंकारिक भाषा निबंधासाठी राखून ठेवा, ज्ञानकोशात ती नको.

३. ठरलेला क्रम

गायक-वादकांच्या लेखात क्रम असा ठेवावा : जन्म व बालपण, गुरू व शिक्षण, कारकीर्द, गायकी, शिष्य, ध्वनिमुद्रिका, पुरस्कार, संदर्भ. माहिती नसेल तो विभाग गाळावा, पण क्रम बदलू नये.

रागाच्या लेखात थाट, जाती, आरोह, अवरोह, वादी, संवादी आणि गानसमय हे सर्व हवेच. याचे कारण एका उदाहरणाने कळेल. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर लागतात. नुसते स्वर लिहून सोडले तर दोन्ही लेख सारखेच दिसतील. पण भूपाचा थाट कल्याण, वादी गंधार, आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकाराचा थाट बिलावल, वादी धैवत, आणि तो सकाळचा राग. तक्त्यातील 'वादी'चा एक रकाना रिकामा राहिला तर सकाळ आणि रात्र यांतला फरकच पुसला जाईल.

४. तारखा आणि आकडे

आकडे सर्वत्र देवनागरीत लिहावेत. तारीख '१८ ऑगस्ट १८७२' अशी पूर्ण लिहावी. '१८-८-७२' लिहिल्यास शतक कळत नाही.

जुन्या मराठी पुस्तकांत शक असतो, गुजराती पुस्तकांत विक्रम संवत. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो. म्हणून दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यातून ५७ वजा करावेत, इतर महिन्यांत ५६. तिथी नक्की ठाऊक नसेल तर घाईने वर्ष ठोकून देऊ नये.

५. श्रेय कोणाचे?

आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. गाण्याविषयी लिहिताना कवी, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावे वेगवेगळी लिहावीत. नाटक किंवा चित्रपट असेल तर त्याचे नाव व वर्षही द्यावे.

'गीतरामायण' पाहा. बहुतेक घरांत ते 'बाबूजींचे', म्हणजे सुधीर फडके यांचे, म्हणून ओळखले जाते. चाली त्यांच्या आहेतच. पण सर्व ५६ गीते ग. दि. माडगूळकरांनी लिहिली. कार्यक्रमाची कल्पना पुणे आकाशवाणीवरील सीताकांत लाड यांची. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिले गीत प्रसारित झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत येत राहिले. त्या मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी गीते गायिली होती. लेखात एकच नाव राहिले तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला बाकीची माणसे जणू नव्हतीच असे वाटेल. ज्याचे नाव लिहायचे राहते तो विसरला जातो, म्हणून साथीदारांची नावे छापील पुस्तकात मिळाली तर तीही जरूर लिहावीत.

६. संदर्भ

प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला छापील किंवा विश्वसनीय आधार द्यावा : लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक. 'आजोबा सांगतात' हा आधार चालत नाही. आजोबा खोटे सांगतात असे नव्हे. वाचकाला स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मराठी विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो. त्याचा आधार घ्यावा, पण त्यातील परिच्छेद उचलून चिकटवू नयेत. यंत्राने केलेले भाषांतरही तसेच्या तसे टाकू नये, कारण त्यात नावे आणि नाती फार बिघडतात.

७. गाण्याचे शब्द

संपूर्ण गीत लेखात उतरवू नये. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ च्या अखेरीपर्यंत त्यांची गीते परवानगीवाचून छापता येणार नाहीत. संतांचे अभंग मुक्त आहेत, पण त्यांचीही योग्य जागा 'विकिस्रोत' या भावंड प्रकल्पात आहे.

लिहायला कसे बसावे?

थेट लेखात हात घालू नका. विकिपीडियावर सरावासाठी 'धूळपाटी' नावाचे पान असते. पूर्वी मुले धुळीच्या पाटीवर अक्षरे गिरवीत, त्यावरून हे नाव आले. मसुदा तेथे तयार करा. विभागाच्या शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरीची चिन्हे द्यावीत, असे : == कारकीर्द ==. दुसऱ्या लेखाचा दुवा दुहेरी चौकटी कंसात द्यावा : [[हिराबाई बडोदेकर]]. एकाच लेखात एका नावाला एकदाच दुवा पुरे. शेवटी लेख योग्य 'वर्गा'त घालावा.

कोणी तुमचे वाक्य बदलले तर रागावू नका. 'इतिहास' या कळीवर कोणी, केव्हा, काय बदलले ते दिसते. मतभेद असेल तर 'चर्चा' पानावर आधारासह लिहा आणि खाली सही करा. आपली मुले एकमेकांचे चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ तर आनंदाने शोधतात. तीच नजर येथे कामी येईल, भाषा मात्र सौम्य असू द्या.

पालक व विश्वस्तांना

मुलांनी सदस्यनाव घेताना खरे नाव, शाळेचे नाव किंवा दूरध्वनी क्रमांक देऊ नये, याकडे पालकांनी लक्ष द्यावे. सुरुवातीला नवा लेख लिहिण्यापेक्षा असलेला एक लेख नीट करणे अधिक चांगले. एक तारीख तपासणे, एक संदर्भ जोडणे, हेही पूर्ण काम आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचे आपले भजन, कीर्तन आणि गणेशोत्सवातले गाणे आहे. त्यावर विकिपीडियात आज लेख लिहिता येणार नाही, कारण त्याविषयी छापील आधार फार थोडे आहेत. स्वतः शोधून काढलेली नवी माहिती ज्ञानकोशात चालत नाही, ती आधी अन्यत्र प्रसिद्ध व्हावी लागते. म्हणजे पहिली पायरी आपल्याच हातात आहे.

घरात जुन्या स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणे किंवा ज्यांवर नावे-वर्षे लिहिली आहेत अशी छायाचित्रे असतील तर ती रद्दीत देऊ नका. शाळेच्या ग्रंथालयात आणून दाखवा. आम्ही प्रत काढून मूळ कागद परत करू. विश्वस्त मंडळाला विनंती की संगीतावरील संदर्भग्रंथांसाठी ग्रंथालयात एक स्वतंत्र कपाट द्यावे. मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पेटी कोण वाजवीत असे, पखवाजावर कोण बसे, चाल कोणी बांधली, हे विचारून तारखेसह वहीत लिहावे. त्यांतील निवडक नोंदी पडताळून याच वार्तापत्रात छापण्याचा आमचा विचार आहे. त्या नोंदींनाही वर सांगितलेलेच नियम राहतील : पूर्ण नाव, पूर्ण तारीख आणि सांगणाऱ्याचा उल्लेख.