डार्ट इंजिनाचे दिवस

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये घडलेल्या टर्बोप्रॉप प्रवासी विमानांविषयी जुन्या प्रवाशांना आणि वैमानिकांना आजही जी ओढ वाटते, तिला निव्वळ हळवेपणा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. कारण या विमानांच्या ज्या गोष्टी लोकांच्या लक्षात राहिल्या, म्हणजे हादरे न बसता होणारा प्रवास, मोठ्या लंबगोल खिडक्या आणि दुरूनही ओळखू येणारी इंजिनाची तीव्र शीळ, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ त्यांच्या यंत्ररचनेतच होते.

त्याआधीच्या विमानांची इंजिने दट्ट्यांवर चालत, आणि दट्ट्यांच्या सततच्या मागेपुढे होण्याने निर्माण होणारी थरथर तासन्‌तास प्रवाशांच्या अंगात भिनत असे. टर्बोप्रॉपमध्ये दट्टे नसतात. त्यात आत ओढलेली हवा कॉम्प्रेसर दाबतो, तिच्यात केरोसीनच्या जातीचे इंधन जळते, तप्त वायूंच्या जोराने टर्बाइनची पाती गरगर फिरतात आणि त्या फिरण्यातून मिळणारी बरीचशी शक्ती दंतचक्रांमार्फत प्रोपेलरला, म्हणजे पुढच्या पंख्याला, दिली जाते. जेट विमान मुख्यतः मागे फेकलेल्या वायूंच्या झोताने पुढे जाते, टर्बोप्रॉप मुख्यतः पंख्याच्या ओढीने. त्यामुळे मध्यम वेगाला आणि कमी अंतराला त्यात इंधनाची बचत होते. रोल्स-रॉइसच्या डार्ट या इंजिनाची पहिली चाचणी १९४६ मध्ये झाली. त्याचा मुख्य दंड मिनिटाला सुमारे १५,००० फेरे घेई, तर पंखा त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या वेगाने फिरे, आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाणारी ती शीळ या वेगवान फिरण्याचीच होती.

या इंजिनाला कीर्ती मिळवून दिली ती व्हिकर्स कंपनीच्या व्हायकाउंट विमानाने. शांतताकाळात ब्रिटनला कोणती प्रवासी विमाने लागतील हे ठरवण्यासाठी युद्ध चालू असतानाच लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती, आणि तिच्या शिफारशींतूनच या विमानाची कल्पना पुढे आली. आरंभी त्याचे नाव ‘व्हाइसरॉय’ ठरले होते, परंतु १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, व्हाइसरॉयचे पदच उरले नाही, आणि नाव बदलावे लागले. १६ जुलै १९४८ रोजी विमानाने पहिले उड्डाण केले खरे, पण तेव्हा त्याचे भवितव्य अंधारातच होते. कारण ब्रिटिश युरोपियन एअरवेजने दट्ट्यांच्या इंजिनांची अँबॅसडर विमाने आधीच मागवली होती आणि अवघ्या ३२ आसनांचे व्हायकाउंट कोणाला परवडेल असे दिसत नव्हते. डार्टची शक्ती वाढल्यावर विमान लांब करता आले, आसने वाढली आणि हिशेब जुळला. २९ जुलै १९५० रोजी मूळच्या लहान व्हायकाउंटच्या पहिल्या नमुना-विमानाने लंडनच्या नॉर्थोल्टहून पॅरिसला प्रवासी नेले. टर्बाइन इंजिनाच्या विमानाची तिकीट घेतलेल्या प्रवाशांसाठीची ही जगातली पहिली नियोजित फेरी. नियमित सेवा एप्रिल १९५३ मध्ये सुरू झाली.

प्रवाशांच्या विस्मयाचा एक प्रकार अनेकांनी नोंदवला आहे: उडत्या विमानात समोरच्या फळीवर नाणे कडेवर उभे करून ठेवायचे आणि ते तसेच राहते की नाही ते पाहायचे. ते उभे राहत असे. ज्याने त्याआधीचा प्रवास इंजिनांच्या घरघरीत केला होता, त्याला त्या नाण्यातून जे कळले ते कोणत्याही जाहिरातीतून कळले नसते. अमेरिकेच्या कॅपिटल एअरलाइन्सने ६० विमाने घेतली, एकूण सुमारे ४४५ बांधली गेली, आणि ब्रिटिश प्रवासी विमानांच्या इतिहासात तोवर एवढे यश कोणाच्याच वाट्याला आले नव्हते.

ब्रिस्टल ब्रिटानियाची कथा मात्र चटका लावणारी आहे. तिच्या शांतपणामुळे ‘कुजबुजणारा महाकाय’ असे नाव मिळालेले हे विमान १९५२ मध्येच उडाले होते, पण त्याच्या प्रोटियस इंजिनात हवा शिरण्याच्या मार्गात बर्फ साचू लागला आणि तो दोष काढण्यात मोलाचा वेळ गेला. डिसेंबर १९५७ मध्ये ते लंडन-न्यूयॉर्क मार्गावर आले. ऑक्टोबर १९५८ मध्ये त्याच महासागरावरून जेट विमाने प्रवासी नेऊ लागली. इतक्या देखण्या यंत्राला त्या मार्गावर वर्षभराचेही निर्विवाद राज्य लाभले नाही.

भारतात इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये व्हायकाउंट सेवेत आणले. त्याआधी डकोटाने प्रवास करणाऱ्यांना केबिनमधील हवेचा दाब राखण्याची सोय नसल्यामुळे खालच्या थरातूनच, पावसाळी ढगांचे धक्के खात जावे लागे. त्यांच्या दृष्टीने मुंबई-दिल्लीचा प्रवासच पालटला. डकोटाची जागा घेण्यासाठी आखलेले अ‍ॅव्हरो ७४८ हेही डार्टवरच चालणारे विमान, आणि ते तर कानपूरला बांधले गेले. पहिले भारतीय बनावटीचे अ‍ॅव्हरो १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले, आणि हवाई दलाचे दिवंगत प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘सुब्रतो’ ठेवले गेले.

ब्रिटनमध्ये व्हायकाउंटची प्रवासी सेवा एप्रिल १९९६ मध्ये संपली. डक्सफर्डच्या संग्रहालयात व्हायकाउंट आणि ब्रिटानिया जतन केलेली आहेत, पण त्यांची इंजिने तेथे मुकी असतात, आणि जाणत्यांना खंत वाटते ती त्याचीच. भारतात डार्टचा आवाज त्यानंतरही पुष्कळ काळ ऐकू येत राहिला: हवाई दलातील अ‍ॅव्हरोंची जागा घेणारे पहिले सी-२९५ विमान ताब्यात आले ते २०२३ मध्ये.