जुनी बुलेट किक घेत नाही? पाना नंतर, प्रश्न आधी



जुन्या बुलेटच्या व्हिडिओत सगळं बसलं नाही, म्हणून राहिलेलं इथे लिहितो. ज्यांना गॅरेज टाकायचंय त्यांच्यासाठी तर हे आहेच, पण मिक्सर, पाण्याचा पंप, मोबाईल, कुठलंही रिपेअरिंगचं काम सुरू करणार असाल तरी वाचा. यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती मला १,५५० रुपयांना पडली, आणि गिऱ्हाईक जाता जाता वाचलं.

मे महिना होता. वर्ध्याचा मे म्हणजे सांगायला नको. देवळीचे एक काका छोट्या टेम्पोत घालून त्यांच्या वडिलांची बुलेट घेऊन आले. जुनं ३५० सीसीचं कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, हेडलाईटच्या वरच्या कव्हरमध्ये छोटा अँपिअर मीटर. काका म्हणाले, "भाऊ, किका मारून मारून पाय गेला, सुरूच नाही होऊन राहिली. नागपूरचा एक जण मागून राहिला हिला. तुम्ही शेवटचं पाहा, नाही तर देऊन टाकतो."

मी काय केलं? एकही प्रश्न विचारला नाही. जुनी गाडी दिसली की हात शिवशिवतात. बॅटरी मेलेली होती, नवी टाकली, १,३०० रुपये. कार्बोरेटर कळकटलेला, त्याचं किट ४५०. प्लग १२०. स्पार्क थोडा पिवळट वाटला म्हणून कॉईल बदलली, ७५०. मजुरी ८००. बिल झालं ३,४२०. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर किक मारली, दुसऱ्या किकला धडधड सुरू. काका खूश, मी खूश.

दुपारी फोन आला. सावंगीला चहाला थांबले, दहा-पंधरा मिनिटांनी किक मारली तर गाडी ढिम्म. भर उन्हात दोन पोरांना धरून गाडी ढकलत परत दुकानात. तेव्हा मी जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होता तो विचारला: "काका, गाडी थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावरच तं! सकाळी काहीच नाही म्हणत. एकदा तापली का मंग तासभर हात लावू देत नाही."

या एका उत्तरात निम्मा फॉल्ट होता.

आता हे नीट समजून घ्या. थंड असताना सुरू होत नसेल तर संशय पेट्रोलवर जातो: चोक, पायलट जेट, उभ्या गाडीत जुनं झालेलं पेट्रोल. थंड असताना चालू आणि गरम झाल्यावर बंद असेल तर आधी इग्निशनकडे पाहायचं, खास करून कंडेन्सर आणि कॉईल. कॉईल मी बदललीच होती. राहिला कंडेन्सर. अंगठ्याएवढा डबा, माझ्या दुकानात १२० रुपयांना मिळतो.

कंडेन्सर करतो काय? या जुन्या इंजिनमध्ये कॉन्टॅक्ट पॉइंट उघडतात तेव्हा कॉईलचा करंट एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच प्लगला ठिणगी मिळते. कंडेन्सर नसेल किंवा कमजोर असेल, तर करंट झटक्यात तुटत नाही, पॉइंटच्या फटीतच ठिणगी मारत बसतो. जी ताकद प्लगला जायला पाहिजे ती पॉइंट जाळण्यात जाते. काही कंडेन्सर थंड असताना ठीक चालतात, इंजिनच्या गरमीने आतलं इन्सुलेशन सुटलं की दगा देतात. गाडी उभी केल्यावर हवा लागत नाही, इंजिनची गरमी आजूबाजूच्या पार्टमध्ये चढत जाते. म्हणून चालताना बंद न पडणारी गाडी चहानंतर बंद पडते.

काकांची गाडी अजून गरम होती. पॉइंटची टोपी काढली, सावलीत नेऊन पोराला किक मारायला लावली. पॉइंटमध्ये निळी-पांढरी ठिणगी नुसती नाचत होती, आणि पॉइंट जळून एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. दुसरा कंडेन्सर बाहेरूनच वायरने जोडला, पॉइंट घासून पुसून घेतले, गॅप लावली. तिसऱ्या किकला सुरू. मग मी मुद्दाम माझी नवी कॉईल काढून काकांची जुनी परत बसवली. तरी सुरू. म्हणजे ७५० रुपयांची कॉईल मी उगाच विकली होती.

कॉईलचे पैसे परत दिले, मजुरीचे ८०० पण. बॅटरी खरंच गेलेली होती आणि कार्बोरेटर धुवायलाच पाहिजे होता, ते पैसे ठेवले. कंडेन्सरचे घेतले नाहीत. काका काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "पहिलेच विचारलं असतं तं मी सांगितलं असतं ना भाऊ."

तेव्हापासून माझ्या दुकानात जुनी गाडी आली की जॉब कार्डवर आधी चार गोष्टी लिहितो. त्रास थंड असताना की गरम झाल्यावर. शेवटची नीट कधी चालली. त्यानंतर कोणी काय उघडलं. टाकीत पेट्रोल कधीचं. चौथा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झालाय, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, जुन्या रबराला आणि गॅसकेटला मानवत नाही. पावसाळाभर गोठ्यात उभी राहिलेली गाडी दिवाळीला काढली, तर कार्बोरेटरच्या वाटीत पाणी आणि गंज निघालेला मी स्वतः पाहिलाय. अशा गाडीचं पेट्रोल आधी काढा, मग बाकीचं बोला.

प्रश्नांनंतर क्रम एकच: आधी स्पार्क, मग पेट्रोल, मग कॉम्प्रेशन. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर फॉल्ट कुठे होता ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि गिऱ्हाईकाने विचारलं तर सांगणार काय?

स्पार्क पाहताना प्लग काढा, हेडच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते, भडका उडू शकतो. काढलेला प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, जळत नाही. किका मारूनही कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फीलर गेज घ्या, ब्लेडच्या पात्याचा अंदाज बंद करा. ही गाडी बॅटरीवर स्पार्क देते, त्यामुळे बॅटरी बसलेली असेल तर बाकीचं सगळं चांगलं असूनही किका वाया.

पेट्रोलकडे वळलात की टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक विसरू नका. ते बुजलं की थोडं चालून गाडी बंद, झाकण उघडलं की परत चालू. लोक याच्यावर कार्बोरेटर बदलून बसलेत.

कॉम्प्रेशनसाठी आधी डिकॉम्प्रेसरची केबल पाहा. ती ताणलेली राहिली तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायचे: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.

आणि किक! निम्म्या "खराब" बुलेट खराब नसतात, मारणारा चुकतो. चावी चालू करून किक हळूहळू दाबा. अँपिअर मीटरचा काटा डावीकडून मधे आला की थांबा. डिकॉम्प्रेसर ओढून किक किंचित पुढे न्या, सोडा, किक वर येऊ द्या, मग अ‍ॅक्सिलेटर न पिळता एकच पूर्ण किक. अर्धवट मारली किंवा टायमिंग पुढे गेलेलं असलं तर किक उलटी येते आणि घोटा सुजवते. नवीन पोराला हे शिकवल्याशिवाय किक मारायला लावू नका. राजदूत, येझदीला क्रम हाच, फक्त त्या टू-स्ट्रोक आहेत, त्यामुळे क्रँकचे ऑइल सील गेले की किती पण जेट धुवा, उपयोग नाही.

आता धंद्याचं. भारतात १९५५ पासून मद्रासला बनलेल्या या गाड्या आपल्या जिल्ह्यात अजून वाड्यांमध्ये उभ्या आहेत, आणि पॉइंट लावता येणारे मिस्त्री कमी होत चाललेत. काम आहे. पण गिऱ्हाईकाला सगळ्याच जुन्या गाड्या "व्हिंटेज" म्हणून सांगू नका. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जास्त झाली पाहिजेत आणि गाडी मूळ रूपात पाहिजे. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. ज्याला शेतावर जायचंय त्याने हे करूच नये.

मी तपासणीचे २०० रुपये घेतो, काम केलं तर बिलातून वजा. सुरुवातीला लोक म्हणायचे, "नुस्तं पाह्याचे पैसे काह्याचे?" मी म्हणतो, काका, न पाहता टाकलेल्या पार्टचे पैसे जास्त होतात, माझ्याकडे झालेत. दुसरं, एक टेस्ट सेट ठेवा: चांगला चालणारा प्लग, कंडेन्सर, कॉईल, चार्ज केलेली बॅटरी. लावून पाहा, फॉल्ट पक्का करा, मगच नवीन पार्ट फोडा. बीबीएमध्ये आम्हाला न विकला जाणारा माल म्हणजे अडकलेलं भांडवल असं शिकवलं होतं. हा सेट कधीच विकायचा नाही, तरी दुकानात सगळ्यात जास्त कमावतो. त्यातली कॉईल म्हणजे काकांच्या गाडीतून काढलेली तीच, ७५० वाली.

डिलिव्हरीचा नियम पण बदलला. सकाळी थंड गाडीला किक मारून दाखवत नाही. दहा किलोमीटर चालवायची, पंधरा मिनिटं बंद ठेवायची, मग गिऱ्हाईकाच्या हाताने, म्हणजे पायाने, किक मारून घ्यायची. जुने काढलेले पार्ट पिशवीत घालून सोबत द्यायचे.

नागपूरच्या माणसाला काकांनी नाही म्हणून कळवलं. त्यांच्या टूलबॉक्समध्ये मी एक जास्तीचा कंडेन्सर कापडात गुंडाळून ठेवलाय. पोळ्याच्या आधी सर्व्हिसिंगला आले होते, सावंगीला चहा पिऊन.