अस्वलांनी दिलेला धीर

मुलांनो, कसालहून रात्रीच्या एसटीने कोल्हापूरला गेलात, तर फोंडाघाटात समोर बघा. गाडी वळते, पण दिव्यांचा झोत सरळ दरीवर जातो. सिंक्रोट्रॉन यंत्राच्या गोल नळीत इलेक्ट्रॉन असेच वळतात आणि वळताना क्ष-किरणांचा झोत बाहेर फेकतात. आपल्या देशात इंदूरला असं ‘इंडस-2’ यंत्र आहे. घेर 172 मीटर!

जर्मनीत हॅम्बुर्गच्या अशाच यंत्रापाशी अदा योनाथबाई 1986 पासून संशोधक गटाच्या प्रमुख होत्या. त्यांना बघायचा होता रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना. आधी त्याचे स्फटिक हवेत. ते होणारच नाहीत, असं जाणकार म्हणत. पण सायकलवरून पडून घरी बसल्या असताना बाईंनी वाचलं, की हिवाळ्यात झोपलेल्या अस्वलांच्या पेशींत रायबोसोम ओळीने रचलेले असतात. मग स्फटिक होणार कसे नाहीत? गरम झऱ्यातले चिवट जिवाणू घेऊन (आपल्या राजापूरजवळ उन्हाळ्याला आहेत ना, तसले झरे) 1980 मध्ये पहिले स्फटिक झालेही.

आता अडचण नवीच. झोत पडला की स्फटिक खराब! बाईंनी ते उणे 180 अंशांच्या आसपास गोठवले. टिकले! तरी स्पष्ट चित्र मिळायला 2000 साल उजाडलं. इतकी वर्षं गटाची उमेद टिकवणं मला तर नोबेलपेक्षा अवघड वाटतं. ते नोबेल 2009 मध्ये त्यांना, टॉमस स्टाइट्झना आणि वडोदऱ्यात वाढलेल्या वेंकटरामन रामकृष्णनना मिळालं.

कित्येक प्रतिजैविकं जंतूंच्या रायबोसोमलाच चिकटून तो बंद पाडतात. ती नेमकी कुठे बसतात, ते आता दिसतं.